सावडीतून उठलेली बाई

हरभरा वाळायला लागला की आमच्या शिवाराला एक आंबट वास सुटतो. पहाटेच्या दवात पानांवर आंब साचलेली असते, आणि वावरातून नुसतं चालत गेलं तरी साडीचा काठ, पोटऱ्या, हात, सगळं आंबट होऊन जातं. शहरातून आलेल्या पाहुण्यांना हा वास फार आवडतो. ते डोळे मिटून छाती भरून घेतात. मला तो आला की करुणा आठवते आणि तोंड कडू होतं. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी हेवा करणारी बाई आहे. पंचवीस-सव्वीस वर्षं मी एकाच मैत्रिणीचा हेवा करत आले आहे, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. दर वर्षी याच दिवसांत ती फोन करते आणि विचारते, मंदे, हरभऱ्याची भाजी वाळवलीस का गं, माझ्यासाठी थोडी ठेव.

मी ठेवते. काड्या काढून, नीट निवडून, स्वच्छ कपड्यात बांधून ठेवते. मग दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाही.

करुणा संभाजीनगरला बांधकाम खात्यात इंजिनिअर आहे. तिच्या सहीनं पूल उभे राहतात. माझ्या सहीनं अंगणवाडीच्या रजिस्टरात एवढंच ठरतं की आज किती लेकरांनी खिचडी खाल्ली. दहावीपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर बसलो. तिच्यापेक्षा माझं अक्षर चांगलं होतं, पाढे मला जास्त येत होते, आणि भागाकार तर तिला मीच शिकवला होता. हे मी कुणी न विचारता सांगते, यावरूनच काय ते समजावं. तिची गाडी, तिचा लिफ्ट असलेला फ्लॅट, तिच्यासाठी चहा करणारा तिचा नवरा, या सगळ्याचा हेवा माझा करून झाला आहे. त्यातला बराचसा झिजला. एक मात्र अजून ताजा आहे. करुणा 'मला वेळ नाही' असं म्हणते आणि समोरचा माणूस ते ऐकून घेतो. माझ्या आयुष्यात मला वेळ नाही हे वाक्य मी कुणाला म्हटलेलं आठवत नाही.

मागं एकदा जालन्याला आमचं प्रशिक्षण होतं. एका साहेबांनी पांढऱ्या फळ्यावर प्रश्न लिहिला, लोक गरीब का राहतात. पंख्याखाली बसलेल्या चाळीस-पन्नास बायका भराभरा उत्तरं द्यायला लागल्या. दारू. आळस. अंधश्रद्धा. लग्नातला खर्च. पाणी नाही. साहेब खूश होऊन लिहीत होते. फळा भरला, टाळ्या झाल्या, वडापाव आला. मी गप्प बसले होते. माझा बाप दारू पीत नव्हता. माझी माय गावातली सगळ्यात कष्टाळू बाई होती, तिला आळशी म्हणणाऱ्याची जीभ झडावी. आणि कुणाच्याही अडीनडीला ती आधी धावायची. आमच्या गरिबीचं कारण त्या फळ्यावर कुठंच नव्हतं. माझं कारण मी साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. कारण आमच्या घरात गरिबी टिकली ती आमच्या चांगुलपणामुळं.

हे सांगायचं तर सावड सांगावी लागेल. तीर्थपुरीहून आमच्या गावाकडं येताना रस्त्याच्या खालच्या अंगाला दीड-दीड, दोन-दोन एकरांचे तुकडे आहेत. मजूर लावायची ऐपत कुणाचीच नाही. म्हणून आठ-दहा घरं मिळून सावड करायची. आज सगळ्यांनी माझ्या वावरात राबायचं, उद्या तुझ्या, परवा तिच्या. मजुरी नाही, फक्त हाताला हात. हरभऱ्याची सावड तर पहाटेचीच. दव असेपर्यंत झाड उपटलं तर घाटे शाबूत राहतात, ऊन चढलं की ते तडकतात आणि दाणे मातीत जातात. म्हणून अंधुक दिसायला लागलं की बायका वावराच्या कडेला एका ओळीत उभ्या राहणार, प्रत्येक जण आपली पात धरणार, म्हणजे आपल्या वाट्याची पट्टी, आणि सगळी ओळ बरोबरीनं पुढं सरकणार. कुणी मागं राहिलं की ओळ थांबते. वेगळं कुणाचं काही नसतं, बोलणं, हसणं, खोकणंसुद्धा ओळीचं असतं. नऊपर्यंत बोटांच्या भेगांत आंब शिरून हात असे चुरचुरतात की तांब्या धरवत नाही. त्या सावडीत मी दहाव्या वर्षापासून होते. खोटं कशाला सांगू, मला ती आवडायची. बांधावर वाळल्या काड्यांत हरभरा भाजून हुळा व्हायचा, काळ्या बोटांनी, काळ्या ओठांनी आम्ही पोरी तो खायचो आणि एकमेकींची तोंडं बघून हसायचो.

सावडीचा नियम साधा होता. ज्या घरातून दोघी येतात त्या घराला दोघी मिळतात. ऐकायला किती न्यायाचं वाटतं. पण आमचं दोन एकर एका पहाटेत उरकायचं आणि सावडीत सगळ्यांत जास्त जमीन असलेल्या सुमनकाकूंचं, तुकड्यातुकड्यांतलं सहा एकर तीन पहाटा खायचं. उरलेल्या दोन पहाटांचं कुणी बोलत नसे. त्यांचे बैल आम्हाला लागायचे, त्यांच्या विहिरीचं पाणी लागायचं. आणि आणखी एक होतं. करुणाचं घर बौद्ध वस्तीतलं, पण वावर आमच्या बांधाला लागून, म्हणून त्या मायलेकी आमच्या सावडीत होत्या. त्यांचे हात सावडीला चालायचे. पाण्याची कळशी मात्र त्यांची त्यांनी वेगळी आणायची, आणि ती बाभळीच्या पलीकडं उन्हात ठेवायची; आमची बाभळीच्या सावलीत असायची. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं. मीही भागाकार शिकवायचे करुणाला, आणि पाणी प्यायचे आमच्या कळशीतलं.

दहावीच्या वर्षी परीक्षा जवळ आली आणि हरभराही. करुणाची आई गयाबाई एका पहाटे एकटीच आली. ओळ लागली होती. तिनं पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी करुणा आजपासून येणार न्हाई. तिचा अभ्यास हाये. तिची पात मी धरते."

सुमनकाकू तेव्हा पस्तिशीच्या असतील, पण सावडीत शब्द त्यांचाच चालायचा. त्यांनी विचारलं, चार हात आहेत का तुला. बायका हसल्या. गयाबाई हसली नाही. तिनं खरंच दोन पाती धरल्या. खाली वाकली ती वर झालीच नाही, तरी ओळ तिच्यासाठी दोनदा थांबली. मग कुरकुर सुरू झाली. कुणी म्हणालं, आमच्या पोरी काय परीक्षा देणार नाहीत का. कुणी म्हणालं, हिची पोरगी काय आभाळातून पडली. सुमनकाकूंनी सांगितलं की दोन हातांच्या बदल्यात दोन हात पाहिजेत, नसतील तर सावडीतून उठ. गयाबाईनं हातातली रोपं शेजारच्या ढिगावर नीट ठेवली, बाभळीपलीकडची कळशी काखेला घेतली आणि बांध ओलांडून गेली. तिच्या शेजारची पात माझ्या मायची होती. माय खाली मान घालून उपटत राहिली.

पुढचे आठ दिवस मी आमच्या ओळीतून त्यांचं वावर बघत होते. गयाबाई आणि तिचा नवरा, दोघंच. पहाटेच्या दवात जेवढं उरकायचं तेवढं उरकायचं, बाकीचं उन्हात वाळायचं. घाटे तडकून दाणे गळाले. शेवटी गयाबाई उकिडवी बसून मातीतून एकेक दाणा वेचत होती. आमच्या ओळीत त्यावर विनोद झाले. पोरीला साहेब करायला निघाली आणि कोंबडीसारखी दाणे टिपत बसली, असं काहीतरी. मीही हसले होते. करुणा कुठं दिसत नव्हती. त्यांच्या वस्तीत विहार होता, विहारात ट्यूबलाइट होती आणि तिच्याखाली ती बसलेली असायची. आमच्या गल्लीत देऊळ होतं, पण तिथं संध्याकाळी भजन असायचं.

गणिताच्या पेपरच्या दिवशी सुमनकाकूंच्या सहा एकरांतली तिसरी पहाट होती. मी मायला एकदाच म्हणाले, आज राहू का घरी. ती म्हणाली, "दोन घंट्याचं तं काम हे. पेपर अकराला हे." रागावून नाही म्हणाली. तिनं माझ्या बोटांना खोबरेल तेल लावलं, गूळ-भाकरी दिली, आणि आम्ही गेलो. नऊला वावरातून निघाले, अंगावर पाणी घेतलं, मामाच्या सायकलवर मागं बसून तीर्थपुरीला पोहोचले. पहिली दोन गणितं सोडवलेली आठवतात. त्यानंतर आठवते ती पर्यवेक्षक बाई, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली. मी झोपले होते. उत्तरपत्रिकेवर लाळेचा डाग पडला होता. माझ्यापुढं दोन बाक सोडून करुणा उभी राहून पुरवणी मागत होती.

मी गणितात नापास झाले. ऑक्टोबरला सुटलेही, पण तोवर माझी सोयरीक झाली होती, गावातल्या गावात, चार गल्ल्या सोडून, सावडीतल्याच एका घरात. लग्नानंतर बाहेरून बारावी केली आणि अंगणवाडीत लागले. काही वाईट झालं नाही. असंच सांगतात ना, काही वाईट झालं नाही. करुणा कॉलेजला गेली, मग इंजिनिअरिंगला, आणि गावात तिचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असायचं, तिचं काय, तिला सवलत आहे. हे वाक्य मी कित्येक वर्षं म्हटलं. सगळ्यांत जास्त मीच म्हटलं असेल. गयाबाईला मातीतून दाणे वेचताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, तरीही म्हटलं. हेवा माणसाला किती खोटं बोलायला लावतो ते मला ठाऊक आहे.

मग एकदा, चार-पाच वर्षांपूर्वी, गयाबाई गावात आली होती. करुणानं गाडीतून तिला आधार देऊन उतरवलं. सोनेरी काडीचा चष्मा, पायात मऊ चपला. आता सगळं गाव तिला मावशी म्हणतं, सुमनकाकूसुद्धा. तिला ओट्यावर बसवून चहा दिला, आमच्याच कपात. ती मला जवळ बोलावून म्हणाली, तुझं गणित लई चांगलं व्हतं. एवढंच. मी घरी आले आणि चुलीपाशी बसून रडले. त्या दिवशी मला कळलं की मी इतकी वर्षं चुकीच्या गोष्टींचा हेवा करत होते. मला करुणाची गाडी नको होती, पूल नको होते. मला तिची आई हवी होती. आणि माझी स्वतःची आई जिवंत, धडधाकट, चार गल्ल्यांवर भाकरी थापत असताना असं वाटणं म्हणजे काय असतं, ते कुणाला सांगणार?

मायला मी दोष देऊ शकत नव्हते, हीच तर अडचण. तिनं काय वावगं केलं? बाप आजारी पडला तेव्हा त्याला तीर्थपुरीला न्यायला सुमनकाकूंची बैलगाडी आली. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी माय अडली तेव्हा सावडीतल्याच चौघी रात्रभर बसल्या होत्या. गरिबाजवळ साठवायला दुसरं काही नसतं, माणसं असतात. ती माणसं दुखवायची नाहीत, एवढंच माय आयुष्यभर सांभाळत आली. सावड कुणाला उपाशी मरू देत नाही, हे खरं. पण ती कुणाला पुढंही जाऊ देत नाही, कारण एक जण पुढं गेला की ओळ मोडते. गरिबीतून बाहेर पडायचं तर आधी चारचौघांतून बाहेर पडावं लागतं, आणि त्यांच्याशिवाय तर एक दिवस निघत नाही. गयाबाईला ते जमलं, कारण ती सावड तिच्यासाठी काय लायकीची आहे हे तिला रोज बाभळीपलीकडं पाणी पिताना कळत होतं. आम्हाला आमची कळशी सावलीत मिळत होती. त्या सावलीनं आम्हाला धरून ठेवलं.

यंदा माझी साक्षी दहावीला आहे. आता मोठ्या वावरांत हार्वेस्टर येतो, पण आमच्या तुकड्यांत तो वळत नाही, म्हणून सावड अजून आहे. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या त्याच्या आहेत, त्यामुळं वेगळं काही दिसत नाही. सुमनकाकू साठीच्या झाल्या, शब्द अजून त्यांचाच. पेपरचं वेळापत्रक आलं आणि सावडीचा क्रम ठरला, तेव्हा मी दोन्ही कागदांकडं बघतच राहिले. साक्षीचा गणिताचा पेपर आणि सुमनकाकूंच्या वावरातली पहाट एकाच दिवशी. आमच्या घरातून दोघी जातो, मी आणि साक्षी. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बायकांच्या भानगडीत मला ओढू नको.

म्हणून मी मायकडं गेले. गुडघ्यांमुळं ती तीन वर्षं सावडीत आलेली नाही, माझी भावजयच जाते. ती अंगणात डाळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं सूप पाखडलं आणि म्हणाली, दोन घंट्याचं तं काम हे, पेपर अकराला हे. तोच आवाज, तेच शब्द. माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. पंचवीस वर्षं गिळलेलं मी तिच्या सुपात ओतलं.

"गयाबाईला जमलं, माय. तुला न्हाई जमलं."

ती डाळ निवडत राहिली. मी तिथून उठून आले आणि घरी येऊन साक्षीवर विनाकारण ओरडले, तेल कमी का लावलं, दप्तर असं का टाकलं. पोरगी बिचारी बघतच राहिली. खरं सांगायचं तर मी ठरवून टाकलं होतं की ती जाणार नाही, आणि ठरवल्यापासून मला तिचा राग येत होता. मला जे कुणी दिलं नाही ते ही न मागता घेऊन बसली होती, पुस्तकात डोकं खुपसून, शेजारी दुधाचा कप. पोटच्या पोरीचा हेवा वाटतो, हे बाईनं कुठं बोलावं?

पेपरच्या दिवशी पहाटे मी एकटी वावरात गेले. ओळ लागली होती. मी म्हणाले, साक्षी येणार नाही, तिची पात मी धरीन. सुमनकाकू शांतपणे म्हणाल्या की दोन पाती एका बाईला झेपत नाहीत, ओळ मागं राहते, हे तुला माहीत आहे. भावजयीनं मान खाली घातली. मी बांधाकडं बघितलं. उठून जाणं इतकं जवळ होतं, आणि माझ्यानं पाऊल उचलवेना.

तेवढ्यात मागून आवाज आला. माय बांध उतरत होती, एका हातानं गुडघा दाबत, डोक्याला फडकं बांधून. ती सुमनकाकूंच्या समोर येऊन उभी राहिली. "नातीची पात मी धरते, सुमन," ती म्हणाली. "मी मागं राह्यले तं ओळीनं थांबावं. पंचवीस साल मी ओळीसाठी थांबले." सुमनकाकू वाकल्या आणि उपटायला लागल्या. ओळ सरकली.

माय माझ्या शेजारच्या पातीवर होती. मागं पडत होती, धापा टाकत होती. ओळ तिच्यासाठी थांबत होती, कुणी कुरकुर केली नाही. मग मान वर न करता ती म्हणाली, "गयाबाई उठून गेली त्या दिशी तिच्या बाजूनं एक बाई जरी बोलली असती, तं मला बी हिंमत आली असती." दोन झाडं उपटून झाल्यावर तिनं वाक्य पुरं केलं. "मंग लई साल गेल्यावर ध्यानात आलं. ती एक बाई मीच व्हायला पाहिजे व्हती."

मला तिला माफ करता आलं नाही. तिनं माफी मागितलीही नव्हती. मला फक्त तिचे गुडघे मातीत टेकलेले दिसत होते, आणि मनात एकच येत होतं, की ही बाई माझ्या पेपरच्या दिवशी कुठं होती.

नऊच्या सुमाराला रस्त्यावरून पोरींची रिक्षा गेली. आतून साक्षीनं हात हलवला. मायला आता लांबचं दिसत नाही. तिनं विचारलं, गेली का. मी म्हणाले, गेली. तिनं कंबर ताठ केली, रस्त्याच्या दिशेनं, जिथं आता नुसती धूळ होती तिथं बघत थोडा वेळ उभी राहिली, आणि पुन्हा साक्षीच्या पातीवर वाकली. माझ्या पोरीला माझी माय मिळाली. मला त्या पोरीचा इतका हेवा वाटला की हातातलं झाड मला दोनदा उपटावं लागलं. पण जन्मात पहिल्यांदाच, हा हेवा जाऊ नये असं वाटलं.